बाय आणि लोखंडवाले

मी ज्या माणसाचं सगळ्यात जास्त देणं लागतो, ती माझी थोरली बहीण मिल्का. घरात आम्ही तिला बाय म्हणायचो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. इस्रायलमधल्या किर्यात मलाखीच्या शाळेत गणित शिकवतो आणि महिन्याचा पगार घेऊन ताठ मानेने घरी येतो. हे सगळं बायने तिच्या हाताने केलेलं आहे, आणि कानांनी फेडलेलं आहे. हे वाक्य मी जपून लिहितो आहे, कारण बायला अशी वाक्यं आवडत नसत. "भाषण करू नको, सरळ सांग," म्हणायची.

तर सरळ सांगतो. वल्हांडणाच्या सणाची सुट्टी संपून शाळा नुकतीच उघडली होती. शिपाई वर्गाच्या दारात आला आणि म्हणाला, कचेरीत फोन आहे. पलीकडे बाबा होते. आमच्या गावच्या, डिमोनाच्या पोस्टातून बोलत असावेत, मागे शिक्क्यांचा आवाज येत होता. "बेंजू, ये," एवढंच म्हणाले. मी विचारलं, "बाय?" तर परत म्हणाले, "तू ये." मी फळ्यावरचं अर्धं राहिलेलं उदाहरण तसंच ठेवलं आणि बेरशेबाची बस धरली. बायला रक्ताचा आजार होता, हिवाळ्यापासून आम्हाला माहीत होतं, तरी सबंध वाटभर मी ती शुद्धीवर असेल तर काय बोलायचं याचीच जुळवाजुळव करत होतो... संध्याकाळच्या आत तिला मातीही दिली. आमच्यात प्रेत ठेवत नाहीत. डिमोनाची माती म्हणजे खडी आणि धूळ. फावडं प्रत्येक वेळी दगडावर लागत होतं. इतका आवाज होत होता, आणि जिच्यासाठी होत होता तिला गेली काही वर्षं काहीच ऐकू येत नव्हतं.

शोकाचे सात दिवस आम्ही जमिनीवर बसून काढले. तिच्या गिरणीतल्या बायका भेटायला यायच्या. मोरोक्कोच्या, रुमानियाच्या, दोन-तीन आपल्याकडच्या. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही म्हणून या बायका वर्षानुवर्षं नुसते ओठ हलवून बोलतात. आमच्या घरी बसूनही त्या तशाच बोलत होत्या, सवयीने. खोली माणसांनी भरलेली, सगळ्यांचे ओठ हलताहेत, आणि आवाज नाही. आई मला हळूच म्हणाली, "बायचं जग असं होतं बघ."

आम्ही अलिबागकडचे यहुदी. बाबा आक्षीला तेलाचा घाणा चालवायचे, मग मुंबईला गोदीत लागले, आणि मी नऊ वर्षांचा असताना आम्ही इस्रायलला आलो. जहाजातून उतरल्या उतरल्या ट्रकमध्ये घातलं आणि वाळवंटात आणून सोडलं, तेच डिमोना. सिमेंटच्या लांबलचक चाळी, एकही झाड नाही. आई ट्रकमधून उतरायला तयार नव्हती. बाबा मृत समुद्राच्या काठच्या खनिजाच्या कारखान्यात लागले आणि बाय कापडाच्या गिरणीत. तिचं वय कोवळं होतं, सातवी झालेली होती, पण हिब्रू येत नव्हतं, आणि चौघांना एका पगारात भागत नव्हतं. तिला कुणी विचारलं नाही, तिनेही तक्रार केली नाही. मी शाळेत गेलो. मला मराठी लिहिता-वाचता येतं तेही तिच्यामुळेच. गिरणीतून आली की भारतातून आलेली पत्रं मला मोठ्याने वाचायला लावायची आणि उत्तरं माझ्याकडूनच लिहून घ्यायची. चुकलं तर टपली.

आठवीनंतर शाळेने ठरवलं की मला लोहारकामाच्या शाखेत घालायचं. आमच्या गावात भारतीय आणि मोरोक्कन मुलांचं बहुतेक तेच व्हायचं. बाबा म्हणाले, सरकार सांगतं तर बरोबरच असेल. बाय पाळी सुटल्यावर तशीच, अंगावर सुताचे तंतू घेऊन, मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरली. मी मागे उभा होतो. तिचं हिब्रू गिरणीतलं, त्यात अर्धं मराठी. मुख्याध्यापक समजावून सांगत होते की हातात कला असलेला माणूस उपाशी मरत नाही. बाय म्हणाली, "साहेब, आमच्या घरात एक माणूस मशिनीवर आहे. दुसरा नको." ते म्हणाले, मुलाला गणित झेपलं नाही तर? "तर मी परत येईन आणि तुमची माफी मागेन. पण आधी त्याला गणिताच्या वर्गात बसवा." ते बराच वेळ कागद चाळत राहिले. बाय खुर्चीवर बसली नाही आणि खोलीबाहेरही गेली नाही. शेवटी त्यांनी सही केली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "आता झेपलं नाही तर बघ. मला माफी मागता येत नाही हिब्रूत."

गाण्यांचं वेड याच सुमाराला लागलं. बायला गिरणीतून आल्यावर कानांत एक शिट्टी ऐकू यायची. उशीत तोंड खुपसलं तरी जायची नाही. एकदा तिने शेजाऱ्यांच्या ट्रान्झिस्टरवर समुद्रातल्या जहाजावरून लागणारं एक स्टेशन ऐकलं. त्यावर इंग्लंडच्या एका बँडचं गाणं चालू होतं. नुसता दणदणाट, गिटारी करवतीसारख्या, आणि मधे एक माणूस जीव खाऊन गातोय. गाणं चालू असेपर्यंत कानातली शिट्टी ऐकू आली नाही, असं तिने मला सांगितलं. एवढ्या साध्या कारणाने ते सुरू झालं. पुढे ते कारण मागे पडलं आणि नुसती आवड उरली. मी एकदा विचारलं, दिवसभर खडखडाट ऐकून परत तोच का ऐकतेस? तर म्हणाली, "गिरणीत आवाज आपल्याला चालवतो. हे लोक आवाजाला चालवतात. फरक आहे बेंजू."

बाबांनी त्या बँडचं नाव लोखंडवाले ठेवलं. आईला भांडी आपटल्याचा भास व्हायचा. बाबा विचारायचे, "अगं, हा माणूस रडतोय की भांडतोय?" बाय म्हणायची, "दोन्ही, बाबा. सवड मिळेल तसं." लोखंडवाले टिकले. इतर बँड आले आणि मोडले, यांची दर दीड-दोन वर्षांनी नवी तबकडी येतच राहिली. आमच्याकडे तबकडी लावायचं यंत्र नव्हतं. बेरशेबाच्या बस स्टँडजवळ एक इराकी माणूस कॅसेटी भरून द्यायचा. त्यावर गाण्यांची नावं नसायची, म्हणून आम्हीच मराठीत नावं ठेवली. एकाची गिटार एकाच जागी घासत राहते, तो पाटा-वरवंटा. एकात सुरुवातीला खर्जातला सूर नुसता घुरघुरत राहतो, पुढे सरकत नाही, ती बेरशेबाची बस. एकात तो गाणारा सगळ्यांवर खेकसतो, तो मुकादम. एक फार उंच आवाजातलं, ते पाखरू. आणि माझं सगळ्यात आवडतं, लांबलचक, संथ, खोल खोल जाणारं, ती काळी विहीर. खरी इंग्रजी नावं मला पुढे कॉलेजात कळली, पण ती जिभेवर बसली नाहीत.

गाण्यांना नंबर लावायचा खेळ शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाचा. बाबा आमच्या मशिदीत प्रार्थना सांगत. आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणतात. शनिवारी घरात कडक सोवळं असे. कॅसेट लावायची नाही, लिहायचं नाही, टेबलावर बोटांनी ताल धरला तर तोही चालायचा नाही. म्हणजे आठवड्यातला एकच सुट्टीचा दिवस आणि नेमकी तेव्हाच गाण्यांना बंदी. मग आम्ही जेवणानंतर तोंडी नंबर लावत बसायचो. कुठलं पहिलं, कुठलं दुसरं, कुठलं गेल्या शनिवारपासून खाली घसरलं. त्यावरून भांडणं व्हायची. मी काळी विहीर पहिली म्हणायचो. बाय म्हणायची, "ते गाणं आहे? लग्नातल्या भाषणासारखं आहे, उठून गेलं तरी चालूच." तिचा पहिला नंबर मुकादमाचा, कायमचा.

कधीतरी भांडण मिटवायला तिनेच एक युक्ती काढली. ज्याला गाणं खरंच पाठ असेल त्याचं मत धरायचं. गाण्याचं नाव घ्यायचं, दोघांनी डोळे मिटायचे आणि पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत ते मनातल्या मनात चालवायचं. संपलं की बोट वर. दोघांची बोटं बरोबर वर आली तर गाणं पाठ. पंच बाबा. लोखंडवाले त्यांना सहन होत नसत, पण यात शब्बाथ कुठे मोडत नव्हता, आणि दोन्ही पोरं तेवढा वेळ गप्प बसत. बाबा आमच्या खांद्यांना एकदम हात लावून सुरुवात करून द्यायचे. मग खोलीत शांतता. आई कोचावर पेंगायची. पाच-सहा मिनिटांनी बाबा म्हणायचे, "बरोबर," किंवा, "मिल्का पुढे गेली." आणि खरं सांगतो, बहुतेक वेळा बोटं बरोबर यायची. इतकी, की बाबांनाच नवल वाटायचं. एकदा ते आईला म्हणाले, "याच्या निम्मं ध्यान प्रार्थनेत असतं तर दोघं रब्बी झाली असती."

मी सैन्यात असताना बायचे कान तपासले. त्याआधी बरीच वर्षं तिला कळत असणार. बेरशेबाच्या डॉक्टरांनी एक आलेख काढून दाखवला, उंच सूर गेले होते आणि बाकीचे त्यांच्या मागून चालले होते. गिरणीत कानात घालायला कापूस मिळायचा, पण तो घातला की धागा तुटल्याचा आवाज कळत नसे, म्हणून बायका घालत नसत. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलंही राहणार नाही. चार-पाच वर्षं धरा. बायने घरी येऊन आईला एवढंच सांगितलं की कान जरा खराब आहेत. त्या शनिवारी मी रजेवर होतो. जेवणानंतर मला म्हणाली, "बेंजू, आजपासून नंबर खरे."

"म्हणजे?"

"ज्याला पहिला नंबर ते आधी पक्कं करायचं. मग दुसरं. जेवढी होतील तेवढी. पुढे तीच राहणार."

मग ते नंबर लावणं काही गमतीचं राहिलं नाही. पाखरू तिने आपण होऊन यादीतून काढलं, त्यातला आवाज तिला निम्मा ऐकूच येत नव्हता. "नुसता खांब राहिलाय, तारा गेल्या," म्हणाली. खर्जातली गाणी वर आली. काळी विहीर घ्यावी म्हणून मी हट्ट धरला, तेव्हा पहिल्यांदा माझ्यावर चिडली. "तेवढ्या वेळात तीन छोटी होतात. तुझी विहीर तुझ्याकडे आयुष्यभर राहणार आहे. माझ्या नंबरात तुझं घुसवू नको." संध्याकाळी शब्बाथ सुटला की ती टेप घेऊन बसायची आणि एकच गाणं परत परत लावायची, स्पीकरवर तळहात ठेवून. आई स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. ती आवाजाला कंटाळली म्हणून लावते असं मला वाटायचं. एकदा आत गेलो तर आई ओट्याकडे तोंड करून रडत होती.

त्या काळात बायला एक स्थळ आलं. शेजारच्या येरुहाम गावचा मुलगा, चांगला होता. घरची माणसं बघायला आली. मुलाची आई जुन्या वळणाची, तोंडावर पदर धरून बोलायची. पदराआडचं दबकं बोलणं बायला ऐकू येईना. ती प्रश्न विचारत होती आणि बाय नुसती हसून बघत होती. आई मधे मधे उत्तरं देत होती. पुढे निरोप आला की मुलगी आखडू आहे. बाय म्हणाली, "बरं झालं. त्याच्या आईच्या पदराशी कोण भांडणार?" त्यानंतर तिने आईला दुसरं स्थळ बघू दिलं नाही.

पुढे पूर्ण बहिरेपण आलं तेव्हा एक गोष्ट झाली, ती कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. बाय ओठ वाचायला शिकली होती ती गिरणीत, हिब्रू बोलणाऱ्या बायकांचे. मराठी ओठ तिला वाचता येत नव्हते. घरात आम्ही कायम मराठी बोललो होतो, ते ऐकायलाच, बघायला नाही. आता आईने काही म्हटलं की बाय तिच्या तोंडाकडे बघत राहायची आणि मान हलवायची, कळलं नाही म्हणून. आईला हिब्रू येत नव्हतं. एका घरातल्या मायलेकी, एका ताटात जेवणाऱ्या... त्यांचं बोलणंच संपलं. आई यहुदी सणांची नावं आणि दुकानातल्या भाज्यांची नावं यापलीकडे हिब्रू कधी शिकली नव्हती. ती आरशासमोर उभी राहून दोन-चार हिब्रू वाक्यं घोकायला लागली. "जेवलीस का?" "दुखतंय का?" अशी. बाय स्वतः मराठीच बोलायची, सपाट आणि मोठ्या आवाजात, स्वतःचं ऐकू न येणाऱ्या माणसासारखी. तिला मराठी मिळायचं ते फक्त कागदावर. म्हणून मी हैफाला शिकायला गेल्यापासून तिला पत्रं लिहायला लागलो, आणि नोकरी लागल्यावरही लिहीत राहिलो. लोखंडवाल्यांची नवी तबकडी आली की ऐकून कळवायचो, गाणं कसं आहे, जुन्यांपैकी कशाच्या जवळ जातं, मी कितवा नंबर देतो. ती उत्तरात लिहायची, "तुझ्या सांगण्यावरून सातवा वाटतो. तू उगाच तिसरा दिलास, तुला नवं सगळंच आवडतं."

शनिवारचा खेळ मात्र चालू राहिला. मी घरी गेलो की जेवणानंतर बाय बाबांसमोर येऊन बसायची. बाबा थकले होते, त्यांचे हात थरथरायचे, पण खांद्यांना हात लावून सुरुवात तेच करून द्यायचे. पहिली काही वर्षं तिचं एकही गाणं हललं नाही. कानात टिपूस नाही आणि तिचं बोट माझ्याबरोबर वर. मग एका शनिवारी पाटा-वरवंटा सुटला. माझं अजून चालू होतं तेव्हा बाबा म्हणाले, "मिल्काचं झालं." डोळे उघडल्यावर तिने माझ्या मांडीवरल्या हाताकडे पाहिलं.

"किती राहिलं होतं?"

मी बोटाने दाखवलं, एक कडवं.

"कुठलं?"

मी ते इंग्रजी शब्द ओठांनी सावकाश म्हणून दाखवले. ती बघत राहिली. मग म्हणाली, "नाही. हे माझ्याकडे नाही. गेलं." आणि उठून भांडी आवरायला लागली. त्यानंतर एकेक जायला लागली. पण मुकादम, बेरशेबाची बस आणि अशी आणखी थोडी टिकून राहिली होती. बाबा दर वेळी सांगायचे, "बरोबर." त्यावर आमचं घर तगून होतं, असं म्हटलं तरी चालेल.

हिवाळ्यात ती आजारी पडली. दवाखान्यात बेरशेबाला मी दर शुक्रवारी जायचो. शेवटच्या महिन्यात एकदा बाबा नळावर पाणी आणायला गेले होते, तेव्हा बाय मला म्हणाली, आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "बाबा खोटं सांगतात."

मला कळेना. मी कागद पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

"बोटं बरोबर येत नाहीत आपली. खूप दिवस झाले. मुकादमसुद्धा नाही. मधे एक जागा आहे, तिथे मला नुसता माग ऐकू येतो. गिरणीतला. गाणं नाहीच." मग म्हणाली, "बाबा 'बरोबर' म्हणतात तेव्हा खाली बघतात. शब्बाथच्या दिवशी खोटं बोलायला लावलं मी त्यांना. तू त्यांना सांगू नको मला कळतंय म्हणून."

मी डोळे मिटून खेळायचो, मला काहीच माहीत नव्हतं. मी कागदावर लिहिलं, "एकही नाही?" तिने मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाली, "यंदा नवीन तबकडी आली म्हणे त्यांची. त्यातलं एक लिहून पाठव. नीट लिही. न ऐकलेलं असेल तर विसरायची भानगड नाही." बाबा पाणी घेऊन आले आणि आम्ही दुसरं काही बोलायला लागलो.

मी तेल अविवला जाऊन दुकानात उभ्याने ती तबकडी ऐकली आणि पत्र पाठवलं. आई सांगते, पत्र आलं तेव्हा बायला उठून बसवत नव्हतं. आईने कागद तिच्या डोळ्यांसमोर धरला. वाचून झाल्यावर बायने आईला कागद बाजूला धरायला सांगितला आणि डावा हात पलंगाच्या लोखंडी कडेवर ठेवला. आईला आधी वाटलं हात थरथरतोय, म्हणून तिने तो धरायला पाहिला, तर बायने झटकला. नर्स येऊन बघून गेली. बायचा हात बराच वेळ चालू होता. मधे थांबायचा, परत सुरू व्हायचा. तो बुधवार होता, शनिवार नव्हता, त्यामुळे वाजवायला हरकत नव्हती. आईला काही कळलं नाही, पण ती म्हणते की तेवढा वेळ बायच्या तोंडावर दुखण्याची खूण नव्हती. ती रविवारी पहाटे गेली.

सात दिवसांतल्या शेवटच्या संध्याकाळी, माणसं गेल्यावर, बाबांनी आपण होऊन मला सांगितलं. "बेंजू, मी शब्बाथच्या दिवशी खोटं बोललो. वर्षभर." मी म्हणालो, "तिला माहीत होतं, बाबा." तिने सांगू नको म्हटलं होतं, पण ती गेल्यावर त्यांना एकट्याला ते वागवायला लावणं मला बरं वाटलं नाही. बाबा जमिनीकडे बघत राहिले. मग विचारलं, "तरी बोट वर करत होती?" मी हो म्हटलं. "बरोबर," बाबा म्हणाले. का म्हणाले मला माहीत नाही. सवयीने असेल.

बहिणीसाठी आमच्यात तीस दिवस गाणं ऐकत नाहीत. ते दिवस संपले आहेत, पण मी अजून टेप लावलेला नाही. पत्र आईने मला परत दिलं. जसं आहे तसं देतो.

बाय,

तू म्हणालीस नीट लिही, म्हणून त्यातलं एकच गाणं घेतलं आहे, सगळ्यात शेवटचं. दुकानदाराला तेच तीनदा लावायला सांगितलं, तो वैतागला. इंग्रजी नाव सांगत नाही. नाव तू ठेव.

हे वाचून घे आणि मग कागद बाजूला ठेव. डावा हात कशावर तरी टेकव, पलंगाची कड चालेल. सुरुवातीला गिटार नाही, गाणारा नाही, फक्त ढोल. अगदी सावकाश. एक ठोका दे आणि एक श्वास घे. परत एक ठोका, परत श्वास. घाई करू नको, तेही करत नाहीत. असं आठ वेळा. आता खर्जातला सूर येतो, बेरशेबाची बस उभी असते तसा, तो तुला हाताच्या तळव्यात लागेल असं समज. आता प्रत्येक ठोक्याच्या जागी दोन दे. दुसरा जरा हलका. हे बराच वेळ चालतं. इथे तो गायला लागतो. आवाज म्हातारा झाला आहे त्याचा, पूर्वीसारखा खेकसत नाही. काय म्हणतो ते मला सगळं कळलं नाही, घराचं दार लोटून कुणीतरी बाहेर पडतं असं काहीतरी आहे.

मग सगळे थांबतात. तूही थांब. हात वरच धर. इथे मला वाटलं संपलं, पण नाही. पुन्हा सुरू होतं, आणि आता जोरात, जितका जोर असेल तितका लाव. दमलीस तर एका बोटाने कर, चालेल. इथे नंबर वगैरे मनात आणू नको. मीही लावलेला नाही.

शेवट मी नीट ऐकला आहे. त्यांची बाकीची गाणी हळूहळू बारीक होत जातात, हे तसं होत नाही. जोरात चालू असतानाच मधे तुटतं. पुढचा ठोका येणार असं वाटून तुझा हात उचललेला असेल आणि ठोका नसेलच. दचकू नको. तुझं काही चुकलं नाही, विसरलंही नाही. गाणं तेवढंच आहे.

तुझा,
बेंजू